सतरंजी वावरात गेली तो रविवार

मित्रांनो, हंसाबाईंचा कापूस वाचला. सगळा कोरडा घरी आला.

हे वाक्य माझ्या तोंडून चुकून निघालं आहे. ते तुम्ही वाचलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही. गोष्ट शेवटापासून सांगायची नसते, असं माझ्यावर बसून शिकवणाऱ्या कितीतरी माणसांनी मला शिकवलं आहे. तेव्हा रीतसर सुरुवात करते.

मी एक जुनी सतरंजी आहे. निळी, त्यावर लाल पट्टे. दिग्रसपासून थोडं पुढे, एका गावाच्या टोकाला पत्र्याचं छोटं चर्च आहे. तिथे मी नोकरीला आहे. पगार नाही.

माझा जन्म तुरुंगात झाला. यात लाजण्यासारखं काही नाही. पुष्कळ चांगल्या सतरंज्या तुरुंगातच जन्मतात. मला विणायला घेतलं ते एका कैद्यानं. त्यानं एकच बैल वेगवेगळ्या गावच्या तीन गिऱ्हाइकांना विकला होता. विणकामात मात्र तो अत्यंत सचोटीचा होता. मी अर्धी झाले तेव्हा त्याची उरलेली शिक्षा माफ झाली. तो मागावरून उठला, माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि रडत बाहेर गेला. का रडला ते मला कळलं नाही. सुटलेला माणूस हसतो असा माझा समज होता. उरलेली अर्धी मला दुसऱ्यानं विणली. त्याला माफी मिळाली नव्हती. त्या बाजूचे पट्टे जरा चिडलेले आहेत.

तिथून मी या चर्चमध्ये आले. मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, चपला बाहेर काढून माझ्यावर बसायचे. तुम्ही माणसं चेहऱ्यानं ओळखता, मी गुडघ्यांनी ओळखते. गुडघे टेकले की कोण मनापासून प्रार्थना करतंय आणि कोणाच्या पायाला मुंग्या आल्यात हे मला लगेच समजतं. बहुतेक वेळा तो एकच माणूस असतो.

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस हंगामाच्या सणाचा. त्या दिवशी लोक घरचं पहिलं पीक आणून माझ्यावर मांडतात. भोपळे, तुरीच्या शेंगा, अंडी, पाय बांधलेले कोंबडे. उपासना झाली की सगळ्याचा लिलाव. गंमत अशी की लिलावात घेतलेली वस्तू लोक पुष्कळदा घरी नेत नाहीत. पुन्हा देवाला देऊन टाकतात आणि तिचा पुन्हा लिलाव होतो. एका वर्षी एकच भोपळा इतक्या वेळा विकला गेला की मला माझ्या पहिल्या विणकराची आठवण आली. त्याच वर्षी बाहेरून आलेल्या मोठ्या पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. "किती सुंदर सतरंजी आहे," असं म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

आणि त्याच वर्षी लिलावातली एक बकरी दोरी तोडून पळाली. ती शेजारच्या हंसाबाईंच्या वावरात, म्हणजे शेतात, शिरली आणि त्यांची तूर खाऊन आली. बकरी धार्मिक कार्यक्रमातली होती, या मुद्द्याचा हंसाबाईंवर काही परिणाम झाला नाही. चर्चकडे येणारी पायवाट त्यांच्या धुऱ्यावरून जायची. धुरा म्हणजे वावराचा बांध. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धुऱ्यावर बाभळीच्या काट्या, काटेरी फांद्या, पडलेल्या होत्या. तेव्हापासून मंडळी नाल्याच्या बाजूनं, लांबून येऊ लागली. ज्यांना घाई असायची ते काट्यांतून यायचे आणि माझ्यावर बसून तळव्यातले काटे काढायचे. काढलेला काटा कुठे टाकायचा हे न सुचल्यामुळे तो माझ्यातच खोचून ठेवायचे. त्या काळात मी मऊ होते, असं कोणी म्हणणार नाही.

मग चर्चला प्लास्टिकच्या खुर्च्या मिळाल्या. मला गुंडाळलं आणि दाराच्या मागे उभं केलं. मित्रांनो, सतरंजीला उभं राहायची सवय नसते. माझ्या आत उंदरांचं एक कुटुंब राहायला आलं. तेवढीच सोबत.

ती वर्षं वाईट होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं आणि चांगल्या कारणासाठी यायचं नाही. कापसाला भाव नव्हता. दिग्रसच्या कापडाच्या दुकानांत दुकानदारच एकमेकांना चहा पाजायचे. शहरातून गाड्या भरून माणसं यायची, प्रश्न विचारायची, फोटो काढायची. एकदा त्यांना गावकऱ्यांसोबत जमिनीवर बसून चर्चा करायची होती, म्हणून मला उसनं नेलं. चर्चेत काय ठरलं ते कोणालाच कळलं नाही. मला भज्यांच्या तेलाचा एक डाग पडला. त्या पाहणीचा हाती लागलेला एकमेव निष्कर्ष म्हणून तो मी अजून सांभाळला आहे.

चर्चमध्ये आमचे पाळक शांतवनसाहेब एकाच विषयावर बोलत होते. देवाची कृपा आपण कमावलेली नाही, ती फुकट मिळाली. पण फुकट मिळालेल्याचं माणूस पुढे काय करतो, यावरून ती त्याला खरंच पोचली की नाही ते कळतं. लोक मान डोलवायचे. मान डोलवायला खुर्ची सतरंजीपेक्षा सोयीची असते, हे मला मान्य करावंच लागेल.

आणि मग तो रविवार आला. दिवाळी होऊन गेली होती. अशा दिवसांत आभाळ यायला नको, पण आलं. प्रवचन निम्म्यावर असताना लांबून गडगडलं आणि बेबीताई उभ्या राहिल्या. बेबीताई म्हणजे मुलींच्या होस्टेलात पोळ्या करणाऱ्या. त्या कधी प्रवचनात उभ्या राहायच्या नाहीत.

"पाळकसाहेब, एक इच्यारू काय?"

"प्रवचन झाल्यावर विचारा, बेबीताई."

"प्रवचन झाल्यावर पानी येईन."

पाळकसाहेब थांबले. बेबीताई म्हणाल्या, "हंसाबाईच्या नवऱ्याचा, श्रीकृष्णभाऊचा पाय मोडला. यवतमाळले दवाखान्यात पडून हायेत. बाई त्यायच्यापाशी. इकडं वावर पांढरं होऊन उभं हाय आन् वेचाले मजूर नाही. काल बस स्टँडवर म्हने, कापूस भिजला तं बैलं इकून टाकतो आन् भावाच्या घरी अमरावतीले जाऊन राह्यतो."

"तुम्हाला म्हणाल्या?"

"मले काहून म्हनतीन? बाजूच्या बाईले म्हने. मी आयकलं."

आता बापूजी उठले. बापूजी मंडळीचे पंच, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ठरावाशिवाय ते पाणीसुद्धा पीत नाहीत, असं लोक म्हणतात. "ज्या बाईनं देवाच्या घराच्या वाटेवर काट्या टाकल्या, तिचा कापूस वेचायला आपण जायचं? माझ्या टाचेत अजून तो काटा आहे."

"अजून हाय?"

"आठवण आहे."

"मंग?"

"मग आधी तिनं काट्या उचलाव्या. त्यानंतर आपण ठराव करू. त्यानंतर जाऊ."

"बापूजी," बेबीताई म्हणाल्या, "येशूनं तुमाले जवळ घेतलं तवा आधी काय उचलाले लावलं होतं?"

बापूजींनी विचार केला. प्रामाणिकपणे केला. ते दाराशी, माझ्या अगदी जवळ उभे होते, आणि त्यांच्या पायाचा अंगठा वरखाली होत होता. "काही नाही," ते म्हणाले, आणि स्वतःचं उत्तर त्यांना मुळीच आवडलं नाही.

पाळकसाहेबांनी प्रवचनाचा कागद घडी करून खिशात ठेवला. उरलेलं प्रवचन अजून त्या खिशातच आहे.

कापूस ठेवायला पोती नव्हती, म्हणून मला उचललं. उंदीर शिस्तीत बाहेर पडले. बापूजींनी माझं एक टोक खांद्यावर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी वेचायला येत नाही. मी चर्चच्या मालमत्तेवर लक्ष ठेवायला येतो आहे."

धुऱ्यावर काट्या होत्या, म्हणून आम्ही नाल्याच्या बाजूनं शिरलो. समोर पांढरंशुभ्र वावर. मला जमिनीवर पसरलं आणि सगळे कमरेला ओढण्या, उपरणी बांधून, त्यांच्या झोळ्या करून कामाला लागले. आमची मंडळी नोकरीवाली. कोणी नर्स, कोणी शाळेत शिपाई, कोणी पोस्टात. बेबीताई सोडल्या तर बाकीच्यांचा कापसाशी संबंध कानात घालण्यापुरता. बोंडासोबत पानं येत होती, काड्या येत होत्या, पाळकसाहेबांच्या झोळीत एक सरडाही आला. पण माझ्यावर ढीग वाढत होता. मित्रांनो, मी स्वतः कापसाची. इतक्या वर्षांनी माहेरची माणसं अंगाखांद्यावर बसल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळानं एक बंडी, म्हणजे बैलगाडी, येऊन थांबली. बंडीत खेमसिंग होता, पलीकडच्या बंजारा तांड्यावरचा.

"रामराम," खेमसिंग म्हणाला. "चालू द्या तुमचं. फक्त येक सांगा. माहा कापूस कायले तोडून राह्यले?"

सरडा निघून गेला.

"हे हंसाबाईंचं वावर ना?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"हंसाबाईचं धुऱ्याच्या तिकडं. हे माहं. सातबारा आनू काय?"

मंडळी इतकी वर्षं हंसाबाईंच्या वावराला वळसा घालून येत होती. ते सुरू कुठे होतं हेच कोणी पाहिलं नव्हतं. बेबीताईंनाही ते फक्त काट्यांच्या बाजूनं ठाऊक होतं.

"ठराव केला असता," बापूजी शांतपणे म्हणाले, "तर त्यात गट नंबर आला असता."

खेमसिंगनं माझ्यावरच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "आन् हे कोनाचं?"

"तुमचंच," बेबीताई म्हणाल्या.

"मजुरी?"

"नाही."

"मी तं मांगतलं नव्हतं."

"आम्ही बी मांगतलं नव्हतं. तरी भेटलं."

"तुमाले काय भेटलं?"

"ते पाळकसाहेब सांगतीन. पन आता नको, पानी येऊन राह्यलं."

खेमसिंग बंडीच्या दांडीवर बसला. त्यानं टोपी काढली, पाहिली, पुन्हा घातली. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर सोपं झालं असतं, पण राग नव्हता. "हे तुमी लय वाईट केलं," तो शेवटी म्हणाला. "आता मले घरी बसता नाही येत." त्यानं आपला कापूस पोत्यात भरला आणि बंडी तांड्याकडे पिटाळली. परत आला तेव्हा बंडीत त्याची बायको लालीबाई होती आणि अर्धा तांडा होता.

लालीबाईंनी मंडळीची वेचणी थोडा वेळ पाहिली. "तुमी पानं वेचून राह्यले का कापूस?" त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं.

"दोन्ही," पाळकसाहेब म्हणाले.

मग मला धुऱ्यापलीकडे, खऱ्या वावरात नेलं. तिथे काम कसं चालतं ते मला पहिल्यांदाच दिसलं. तांड्याच्या बाया दोन्ही हातांनी वेचत होत्या, बोंड रिकामं व्हायच्या आत हात पुढच्या बोंडावर. मंडळी मागून येत होती. कंटाळा येऊ नये म्हणून पाळकसाहेबांनी गाणं धरलं. गाणं फार सुंदर होतं आणि फार संथ होतं. हात गाण्याप्रमाणे चालू लागले.

"पाळकसाहेब," बेबीताई म्हणाल्या, "हे आपन मयतीले म्हनतो. ह्या चालीनं येक ओळ नाताळाले सरन."

त्यांनी ढोलकीवरचं एक भजन धरलं. ढोलकी नव्हती, तेव्हा खेमसिंगनं बंडीच्या फळीवर ताल धरला. मग वेग आला. मध्येच जवळ वीज कडाडली आणि सवयीनं सगळी मंडळी वावरात जागच्या जागी गुडघे टेकून, डोळे मिटून प्रार्थनेला बसली. तांड्याच्या बाया चमकून पाहू लागल्या. बेबीताई तेवढ्या उभ्या होत्या. "देवा, दोन घंटे थांब," त्या उघड्या डोळ्यांनी म्हणत होत्या आणि हात वेचत होते. ते पाहून एकेक माणूस उठला. त्या दिवशीची उरलेली प्रार्थना सगळ्यांनी तशीच केली.

आणि तेवढ्यात फाट्यावर बस थांबली. हंसाबाई उतरल्या. हातात रिकाम्या डब्याची पिशवी, डोळ्यांत रात्रभराचं जागरण. त्यांनी वावरात माणसंच माणसं पाहिली आणि पळत आल्या.

"कोन हाय वावरात? चोरी कराले दिवसाढवळ्या आले काय?"

मग त्यांनी चेहरे ओळखले आणि त्यांचा आवाज आणखी चढला. "तुमी? कोनी बलावलं तुमाले? निघा माह्या वावरातून."

"ताई, पानी येऊन राह्यलं," बेबीताई म्हणाल्या. "निघतो, वेचनं झालं की."

"फुकट कोनी कोनाचं करत नाही. काय पायजे तुमाले? मले बाटवाले आले?"

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. बेबीताई म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुमी वेचा." पाळकसाहेब वेचू लागले.

"मजुरी सांगा मंग," हंसाबाई म्हणाल्या.

"मजुरी नाही."

"मंग वेचू नका. मी कोनाचं फुकट घेत नाही." आणि त्या माझ्यावर, कापसाच्या ढिगावर, हाताची घडी घालून बसल्या. मित्रांनो, माझ्यावर पुष्कळ माणसं बसली आहेत. बसण्यावरून मला माणूस कळतो. त्या चिडून बसल्या नव्हत्या. त्यांना आता उभं राहणं जमत नव्हतं.

सगळे थांबले. वारा सुटला होता. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं उलटी होत होती.

बापूजी पुढे आले. काट्यांचा विषय त्यांच्या ओठांवर आला होता, हे साऱ्या मंडळीला दिसलं. त्यांनी तो गिळला. मोठा काटा असणार, वेळ लागला. "बाई," ते म्हणाले, "तुमच्याकडून काही नको. खरं सांगायचं तर मला यायचंच नव्हतं."

"मंग कायले आले?"

"सतरंजीवर लक्ष ठेवायला."

हंसाबाईंनी खाली पाहिलं. "ह्या फाटक्या सतरंजीवर?"

मी हे मनाला लावून घेतलं नाही. थोडंसं घेतलं.

बापूजींच्या कमरेला मात्र उपरण्याची झोळी होती आणि ती कापसानं फुगली होती. ती कधी बांधली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हंसाबाई त्या झोळीकडे बघत राहिल्या.

खेमसिंग बंडीवरून बोलला. "हंसाबाई, मलेबी सकाळी असंच गाठलं यायनं. माहा कापूस चुकीनं वेचून टाकला. मी तं चोर समजलो. देनं सोपं असते वो बाई, घेनं लय जड जाते. मी घेतलं, तुमी बी घेऊन टाका. वरतं पाहा जरासं."

हंसाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. मग वावराकडे पाहिलं. शेवटचा तुकडा अजून पांढरा होता. त्यांचे बैल त्या तुकड्याच्या टोकाला, लिंबाखाली बांधलेले होते आणि आपल्याविषयी काय ठरतंय याची त्यांना काही फिकीर नव्हती.

"उठा मंग," हंसाबाई सगळ्यांना म्हणाल्या, जणू बाकीचेच बसले होते. "मले काहून कापसावर बसवून ठेवलं?" त्यांनी पदर खोचला आणि लालीबाईंच्या शेजारची ओळ धरली. जाताजाता त्यांनी पाळकसाहेबांच्या झोळीत हात घालून मूठभर पाला काढला आणि फेकून दिला.

त्यानंतरचं मी बाहेरून पाहिलेलं नाही, कारण माझी चारही टोकं एकत्र बांधून माझं गाठोडं केलं होतं. आत कापूस होता, सारखा कापूस येत होता. मग मी बंडीवर होते आणि बैल पळत होते. पाऊस नेमका कधी आला आणि तेव्हा बंडी कुठे होती, हे मी सांगू शकत नाही, कारण कापूस कोरडा राहिला हे मी अजून सांगितलेलंच नाही. एवढं मात्र खरं की हंसाबाईंच्या घरात मला रिकामी केलं, घाईत बाहेर अंगणात फेकलं, आणि मी चिंब भिजले. एकटी मीच.

हंसाबाईंनी मोठ्या पातेल्यात चहा टाकला. "आता मले तुमच्या चर्चात येवा लागन काय?" त्यांनी बेबीताईंना विचारलं.

"नका येऊ."

"काहून?"

"खुर्च्या कमी हायेत."

हंसाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. बैल राहिले, हंसाबाई राहिल्या, श्रीकृष्णभाऊ काठी टेकत घरी आले. धुऱ्यावरच्या काट्यांचं विचाराल तर त्या तशाच आहेत. बापूजींनी त्यांच्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि आता विचारायचं नाही असा ठरावही केला नाही. पण खेमसिंग सांगत होता की पाय दाखवायला यवतमाळला जाताना हंसाबाई आता डबा मोठा नेतात. दवाखान्यात शेजारच्या बाकावर जो कोणी असेल त्याच्यासमोर भाकर ठेवतात आणि तो नको म्हणाला तर त्याला रागावतात.

मला त्या दिवसानंतर पुन्हा उभं केलं नाही. वेचणीच्या दिवसांत कोणाकडे माणूस आजारी असला, कोणी एकटं पडलं, की मंडळी मला घेऊन जाते. आधी गट नंबर विचारते. बापूजी दर वेळी येतात, लक्ष ठेवायला. माझ्या अंगात पालापाचोळा रुतला आहे, एक टोक बंडीच्या चाकात गेलं आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिला झटका, ऊन दाखवा, फाटलं तर शिवा. पण जपायचं म्हणून गुंडाळून ठेवू नका. उंदरांशिवाय त्याचा कोणाला उपयोग नाही.

एक काम मात्र राहून गेलं आहे. हंसाबाईंचा तो कापूस दिग्रसच्या जिनिंगला, सरकी काढायच्या कारखान्यात, गेला, गाठी झाल्या, आणि गाठी कुठे गेल्या ते कोणी पाहिलं नाही.

सबब, कापूस ज्यांच्या अखत्यारीत पुढे जातो त्या सर्व संबंधित अधिकाऱ्यांस सविनय विनंती करण्यात येते की, सदर रविवारी वेचलेल्या कापसाचा तपास लावून, त्यापासून तयार झालेले समस्त सदरे, लुगडी, उशांचे अभ्रे, समईतल्या वाती व जखमेवरच्या पट्ट्या यांना कोणत्याही एका रविवारी सकाळी आमच्या चर्चमध्ये समक्ष हजर राहण्याचे आदेश व्हावेत. जे कोणाच्या अंगावर असतील त्यांनी अंगासह यावे. आपण फुकट वाचवले गेलो होतो, हे त्यांना अद्याप कोणी कळवलेले नसावे, असा अर्जदार सतरंजीचा समज आहे. ओळखपत्राची गरज नाही. प्रवासखर्च मिळणार नाही. बसण्याची सोय अर्जदार स्वतः करील.